खंडाचा दिवस

विद्यापीठं विटांवर उभी राहत नाहीत, माणसांच्या निष्ठेवर उभी राहतात. परीक्षा विभागातला धम्मानंद हे मनापासून मानत असे. आज तो हे मानत फाटकाबाहेरच्या बाकावर बसला होता, कारण आज त्याला आत जायला मनाई होती.

गुन्हा काही नव्हता. तो कंत्राटी होता. अकरा महिन्यांची नेमणूक संपली की एक दिवस खंड आणि मग नवा आदेश, म्हणजे सलग नोकरी केली असं उद्या कोणाला कोर्टात म्हणता येऊ नये. अशी चौदा वर्षं झाली. काम मात्र खंड पाळत नसे. जुन्या गुणपत्रिका कोणत्या कपाटात, हे धम्मानंदशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून खंडाच्या दिवशी शिपाई फायली घेऊन गोपिकाबाईच्या चहाच्या ठेल्यावर येत, आणि जो माणूस आज विद्यापीठात नाही तो विद्यापीठ चालवून परत आत पाठवत असे.

यंदा त्याला शहराबाहेर, वाडी भागातल्या एका गोदामात नोकरी मिळाली होती. काम साधंच, पण कायम. सकाळी त्यानं उपकुलसचिव बाबनरावांना फोन करून सांगितलं, माझा आदेश काढू नका. खरं तर काढा, असंच त्याला म्हणायचं होतं. साहेबांनी एकदा नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं, तरी त्यानं वाडीला नकार कळवला असता. साहेब ‘बरं’ म्हणाले होते.

दुपारी बाबनराव स्वतः फाटकाबाहेर आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. गोपिकाबाईनं कोणी न सांगता बाक पुसला.

“बस गा,” साहेब म्हणाले. “काय कमी केलं आम्ही तुले?”

उत्तर लांबलचक होतं, म्हणून धम्मानंदनं ते दिलं नाही.

“काही नाही, साहेब. पोरगी विचारून राहिली, बाबा, तुम्ही वर्षातून एक दिवस कोणाचेच काहून नसता?”

गोपिकाबाईनं चहा आणून ठेवला. चहावर साय धरली. मग त्यांनी धम्मानंदच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानं वाडीला नकार कळवायला खिशातला मोबाइल चाचपला.

“एक ऐकशीन माझं?”

“सांगा ना, साहेब.”

“ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप शुक्रवारनंतर सोड. शुक्रवारी तपासणीवाले येऊन राहिले, तोवर ग्रुपवर माणसं कमी दिसाले नको.”