चष्म्याविना

साहेब, तो पंजा तुम्ही चिरडलात. गार खोलीत बसून, एका ओळीने चिरडलात. ‘क्रेनचालकाची नजर चष्म्याविना निर्दोष असावी.’ तुम्ही कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. नियमाखाली सही आहे, पण ती कुणाच्या बापाला वाचता येत नाही. तर हा नियम पाळायला ज्याने स्वतःच्या डोळ्यांवर लेसर मारून घेतलं, त्याची गोष्ट ऐका. मध्येच उठू नका.

त्याला लहानपणापासून ढापण्या म्हणायचे. नंबर साडेपाच. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे नुसता ढग. उंच इमारतींच्या कामावर तो क्रेनखाली माल बांधायचा आणि मान वर करून केबिनकडे बघत राहायचा. पन्नास मीटर उंचीवर, काचेच्या खोक्यात बसलेला एक माणूस दोन दांड्या हलवून चार टनांचं ओझं झोपलेल्या लेकरासारखं अलगद खाली ठेवतो, या गोष्टीने त्याला पार वेडं केलं होतं. तो क्रेन शिकला, परीक्षेत पहिला आला आणि डोळ्यांच्या फॉर्मवर आपटला. चष्मा आहे? चला, पुढचा.

मग त्याने लेसर करून घेतलं. दवाखान्याच्या भिंतीवर एक हसरी बाई होती आणि तिच्याखाली ‘चष्म्याला कायमचा रामराम’. आत नेण्याआधी नर्सने त्याचा चष्मा काढून घेतला, डोळ्यांत धूसर करणारे थेंब टाकले आणि नंतर चार पानी कागद सहीसाठी पुढे केला.

“काय लिहिलंय यात?”

“नेहमीचंच असतं हो. करा सही.”

त्याने केली. नंबर परत येऊ शकतो, हे तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं. ज्याने ते वाचायचं, त्याचा चष्मा नर्सच्या ट्रेमध्ये पडला होता.

दुसऱ्या दिवशी समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटे त्याने मोजले. अकरा. बायकोला हाक मारून पुन्हा मोजले, आणि लहान पोरासारखा रडला. दोन महिन्यांत परवाना आला आणि खुर्ची मिळाली. कामावर त्याचं नाव पडलं घार.

खाली खुणा करायला त्याने आपल्या मेहुण्याला आणलं. बायकोचा हा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा ही बारा वर्षांची होती आणि तो तीन. हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. तोंडाने फटकळ, कामाला चोख. क्रेनचं काम बोटांवर चालतं. बोट वर केलं की उचलायचं, खाली केलं की सोडायचं, मूठ आवळली की थांबायचं. वॉकीटॉकी होता, पण शेजारी जमिनीत खांब ठोकणारं यंत्र दिवसभर धडधडायचं, त्यात नुसती खरखर ऐकू यायची. भरवसा फक्त बोटांचा.

चार वर्षं सुखाची गेली. पाचव्या वर्षी काच घाण व्हायला लागली.

रोज वर चढला की तो आधी काच पुसायचा. आतून, मग कमरेला पट्टा बांधून बाहेरून. फडकं बदललं, साबण बदलला. धुळीला शिव्या घातल्या. मग एकदा बस स्टॉपवर उभा असताना समोरून येणाऱ्या बसचा नंबर त्याला दिसेना. तिथे मध्ये काच नव्हती.

“वजा दोन,” डॉक्टर म्हणाले. “काहींचा येतो परत. आता पुन्हा लेसर नाही जमणार, बुबुळावरचा पडदा पातळ झालाय. चष्मा लावा, त्यात काय एवढं?”

“चष्मा लावला तर माझी खुर्ची जाते.”

“ते मी कसं सांगणार?” म्हणत डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली.

चष्मा त्याने केला. घालून बघितला तर झाडाचं पान न् पान दिसत होतं. पण केबिनमध्ये कॅमेरा होता आणि सुरक्षा अधिकारी खाली पडद्यावर बघत बसायचा. पलीकडच्या क्रेनवरच्या म्हाताऱ्याने एकदा चष्मा डोळ्यांवर चढवला, तर दुपारच्या आत त्याला उतरवून घरी पाठवला होता. लेन्स घालून पाहिल्या. सिमेंटच्या धुळीने दहा वाजेपर्यंत डोळ्यांचे निखारे व्हायचे. आणि साहेब, दरवर्षी तुमचा जो माणूस डोळे तपासायला यायचा, तो तक्ता पिशवीतून बाहेरसुद्धा काढायचा नाही. “घार ना तू? तुझं काय तपासायचं!” म्हणायचा आणि शिक्का मारून चहाला जायचा.

शेवटी त्याने मेहुण्याजवळ तोंड उघडलं. डबा खाताना, पत्र्याच्या शेडमागे.

“तुझी बोटं दिसत नाहीत रे मला.”

मेहुण्याचा घास हातातच राहिला. “कधीपासून?”

“झाले दोन-तीन महिने.”

“म्हणजे दोन-तीन महिने तुम्ही माझ्या डोक्यावर अंदाजपंचे माल सोडताय? वा भाऊजी, वा!”

“उद्या जाऊन सांगतो ऑफिसात.”

“आणि मग? परत ढापण्या होऊन माल बांधणार? ताईला काय सांगणार?” त्याने घास परत डब्यात ठेवला. “मी तर दिसतो ना? आख्खा?”

“जाकीट दिसतं. भगवा ठिपका.”

“मग ठिपक्यानेच बोलू.”

असं त्यांचं ठरलं. दोन्ही हात वर करून उडी मारली की उचल. हात पसरले की थांब. खाली बसला की सोड. जगातल्या कुठल्याही क्रेनखाली अशा खुणा नाहीत. त्या या दोघांच्याच होत्या. कामावरची माणसं हसून लोळायची. मेहुण्याचं नाव नाच्या पडलं. “नाच्या, आज ढोलकी कुठंय?” “तुझ्या सासऱ्याकडे राहिली!” तो खालून ओरडायचा आणि उडी मारायचा. भाऊजीची खुर्ची वाचावी म्हणून तो पोरगा दीड वर्ष भर उन्हात नाचला.

त्या दिवशी जिन्याचा तयार तुकडा उतरवायचा होता. खाली लाकडी ठोकळे मांडलेले. तुकडा ठोकळ्यांच्या वर वीतभर उंचीवर आला आणि मेहुण्याने हात पसरले. घार थांबला. एक ठोकळा तिरका झाला होता. तो सरळ करायला मेहुण्याने हात आत घातला, आणि त्यासाठी तो खाली बसला.

वरून ठिपका बुटका झालेला दिसला.

बसला म्हणजे सोड. त्याने सोडला.

ज्याला बोटं दिसतात, त्याला ती बोटं कुठे आहेत तेही दिसलं असतं. किंकाळी वर पोचली नाही; खांब ठोकणारं यंत्र चालूच होतं. लोक धावताना दिसले तेव्हा त्याला कळलं की काहीतरी झालंय. काय झालंय, ते मात्र खाली उतरेपर्यंत दिसलं नाही.

उजवा पंजा मनगटापासून काढावा लागला.

दवाखान्यात बायको भावाला चमच्याने भरवत होती, तो तीन वर्षांचा असताना भरवायची तशी. नवऱ्याच्या खिशातली चष्म्याची डबी तिने बघितली. चमचा खाली ठेवला.

“किती दिवस?”

“दीड वर्षाच्या वर.”

“याला माहीत होतं?”

भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “ताई, आयडिया माझीच होती. त्यांना काही बोलू नकोस. चौकशीत मी सांगणार आहे, खूण माझी चुकली म्हणून. हात तर गेलाच. त्यांची खुर्ची कशाला घालवायची?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं.

“मला सांगितलं असतं, तर मी तुम्हाला वर चढू दिलं नसतं,” ती म्हणाली. “म्हणून नाही ना सांगितलंत?”

त्याने डबी खिशात आत ढकलली. तिने चमचा पुन्हा उचलला. त्यानंतर ती त्याच्याशी जेवलात का, दार लावा, एवढंच बोलायची.

चौकशीला टेबलामागे तिघे बसले होते. मेहुण्याचा जबाब आधीच लिहून झाला होता: खूण देण्यात चूक. पट्टीत गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन तो बाकावर बसला होता. शेजारी त्याची बहीण.

“तुम्ही यावर सही करा,” मधला अधिकारी भाऊजीला म्हणाला. “परवाना राहील तुमचा.”

त्याने डबी उघडली आणि चष्मा लावला. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“हे खोटं आहे. त्याची खूण बरोबर होती. मला तो दिसत नव्हता.”

“भाऊजी, गप्प बसा!” मेहुणा ओरडला.

“नाही रे. खूप बसलो.”

“म्हणजे नजर अधू असल्याचं तुम्ही लपवलंत?” अधिकाऱ्याने पेन उचललं. “हा गुन्हा आहे, समजतंय का?”

“समजतंय. लिहा. माझ्या नावापुढे मोठ्या अक्षरात लिहा. मी खुर्चीला चिकटलो, आणि हात त्याचा गेला. ते मी मरेपर्यंत फेडू शकणार नाही. पण लिहून झालं की पेन खाली ठेवू नका.” त्याने चष्म्यावर बोट ठेवलं. “या चष्म्यातून मला आत्ता तुमच्या कपाळावरचा घाम दिसतोय. तेव्हाही हा माझ्या खिशात होता. वर बसून हा लावला असता तर त्याची पाचही बोटं मला दिसली असती. मला नीट दिसतंय की नाही, एवढंच बघायचं होतं ना तुम्हाला? मग हा लावायला बंदी का केलीत? कुणी केली? माझ्याकडे बघू नका, त्याच्या हाताकडे बघा आणि सांगा. मी इथून हलणार नाही. सांगा, का?”