चार बोटं खाली

मी एक जुनी मोटार आहे. दोनच माणसांची, उघड्या टपाची आणि लांब नाकाची. मित्रांनो, माझं वय विचारू नका. माझ्याबरोबरच्या पुष्कळ गाड्या भंगारात गेल्या, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

विलायतेत मला शर्यतीसाठी बनवलं, पण नशिबात होतं नगर. एका लष्करी साहेबाने मला बोटीने आणलं, काही वर्षं मिरवलं आणि बदली झाल्यावर मागे टाकून तो निघून गेला. मग मी एका गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिले. माझ्या गादीत उंदरांनी संसार थाटला. त्या दिवसांबद्दल मला फारसं बोलवत नाही.

तिथून मला बाहेर काढलं मच्छिंद्रने. घोडेगावचे आप्पासाहेब बैलांचे व्यापारी, त्यांचा हा थोरला मुलगा. फौजेत तो रणगाडा चालवायचा आणि सुट्टीवर आला की मला चालवायचा. इमामपूरच्या घाटात आम्ही जोरात निघालो की वळणावर मी एका अंगाला कलायचे. ते त्याला फार खुपायचं.

एकाहत्तर साली लढाईची चिन्हं दिसू लागली आणि त्याची सुट्टी रद्द झाली. निघताना त्याने धाकट्या भावाला, गोरक्षला सांगितलं, "गनीभाईंकडनं हिला चार बोटं खाली बसवून घे. मी येईस्तोवर तयार पायजे."

"व्हय दादा," गोरक्ष म्हणाला.

गनीभाई नगरचे पाटेवाले मिस्त्री. माझं सगळं वजन चाकांवरच्या पोलादी पाट्यांवर असतं. पाट्याला जेवढी कमान, तेवढी गाडी उंच. गनीभाईंनी माझे पाटे उतरवले, भट्टीत लाल केले, ठोकून ठोकून त्यांची कमान कमी केली आणि तेलात बुडवून पुन्हा कडक केले. परत येताना घाटाच्या वळणावर मी जराही कलले नाही. बैलगाडीवाले मान वळवून बघत होते. मला चांगलाच गर्व झाला, लपवत नाही.

लढाई संपली. काही महिन्यांनी मच्छिंद्र घरी आला तो कुबडी घेऊन. तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता. आल्या आल्या तो माझ्याकडे आला. त्याने माझं दार उघडलं, एका हाताने पुढची काच धरली आणि बसायला गेला. पण मी आता इतकी खाली होते की माझ्यात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. पाय बाहेरच अडकला आणि तो धुळीत पडला. गोरक्ष धावला.

"हात लावू नको," मच्छिंद्र म्हणाला. धडपडत तो स्वतःच उठला आणि कपडे झटकत आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने गोरक्षला सांगितलं, "गिऱ्हाईक बघ हिला."

"दादा, गनीभाई परत उचलून देतील की."

"अन् माझा गुडघा कोन वाकवून देनार? इकून टाक."

मला फार वाईट वाटलं. विकली जाणार म्हणून तर वाटलंच, पण खरं दुःख निराळं होतं. जीप म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, तिथे गुडघे वाकवून बसावं लागतं. माझ्यात पाय पुढे लांब सोडूनच बसतात. तो चालवू शकेल अशी त्या वस्तीवर मी एकटीच होते. पण मला तोंड कुठे आहे?

तोंड होतं मुक्ताबाईला, मच्छिंद्रच्या बायकोला. वस्तीवर बैल ट्रकमध्ये चढवायला मातीचा धक्का होता. ती दिराला म्हणाली, "भावजी, बैलाला वर चढाया धक्का लागतो. ह्यांना खाली बसाया गाडीच धक्क्यावर चढवा."

"मला बैल केलं व्हय?" मच्छिंद्र म्हणाला, पण तो उठला.

गोरक्षने मला धक्क्याच्या अगदी कडेला उभं केलं. खाली उभ्या मच्छिंद्रच्या कमरेला माझी गादी आली. तो आडवा बसला, दोन्ही हातांनी ताठ पाय उचलून आत घेतला आणि तोच पाय कमरेतून रेटून त्याने क्लच दाबला. माझं इंजिन सुरू झालं तेव्हा मला झालेला आनंद मला सांगता येत नाही.

"गनीभाईंकडं जाऊ. उचलूनच घेऊ हिला," तो म्हणाला. मुक्ताबाई शेजारी बसली.

गनीभाईंच्या दुकानापुढे मात्र सपाट रस्ता होता. बाजाराचा दिवस होता आणि लोक भोवती जमले होते. मच्छिंद्र स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. मुक्ताबाई उतरून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. बराच वेळ गेला. माझं इंजिन गार झालं.

मग त्याने हात पुढे केला. "हात दे गं."

भर बाजारात नवरा-बायकोने एकमेकांचा हात धरायची तेव्हा आमच्याकडे रीत नव्हती. मुक्ताबाईने पदर सावरला आणि त्याचा हात घट्ट धरला. गनीभाई पाठ फिरवून माझं चाक तपासू लागले. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

तो उभा राहिल्यावर गनीभाईंनी विचारलं, "मग, उचलायची ना गाडी?"

"नको," मच्छिंद्र म्हणाला. "ऱ्हाऊ द्या हाय तशी. उतरता येतंय आता."

मित्रांनो, जुन्या गाडीला तेलपाणी लागतं, ते वेळेवर घाला. आणि तुमच्या घरी कुणी एकट्यानेच उठायचा हट्ट धरत असेल तर त्याला हसू नका, ओढूही नका. नुसते जवळ उभे राहा. हात मागायला वेळ लागतो.