अकरा वर्षांचं ‘ठीक’

“अकरा वर्षं रोज ‘ठीक’, आणि नेमकं त्याच सकाळी यंत्र बिघडलं?” चौकशीला आलेल्या साहेबांनी ढिगातलं वरचं रजिस्टर फिरवून मामांपुढे सरकवलं. “हे अक्षर तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग इनचार्ज सिस्टरनी ऑपरेशन दोन तास उगाच अडवलं. तेवढं ‘हो’ म्हणा आणि मोकळे व्हा.”

मामा सरकारी रुग्णालयाच्या तळघरात ऑपरेशनचं सामान वाफेवर निर्जंतुक करायचे. सव्वीस वर्षं. जाता-येता वॉर्डबॉय विचारायचे, “काय मामा, शिट्ट्या किती झाल्या?” त्यापलीकडे त्यांना कुणी काही विचारत नसे. वरून फोन यायचा तोही ओरडायला.

बारा वर्षांपूर्वी मामांनी एकदा खरं लिहिलं होतं. काटा बरोबर दाखवतो, पण सामानाच्या ड्रमवर चिकटवलेल्या पट्टीच्या रेघा काळ्या होत नाहीत, राखाडीच राहतात. म्हणजे वाफ आत पोचत नाही. त्यावर दुरुस्तीला माणूस आला नाही, नोटीस आली. यंत्र हाताळण्यात हलगर्जीपणा. वर सहा महिने शवागारात बदली. तिथून परतलेला माणूस शहाणा होतो. परतल्या दिवसापासून मामा रजिस्टरात एकच शब्द लिहू लागले आणि अधिकारी त्याखाली न वाचता सह्या ठोकू लागले. सगळे खूश.

पण कच्चा ड्रम मामांनी एकदाही वर पाठवला नाही. रोज दीड तास आधी येऊन ते प्रत्येक खेप दोनदा लावत. दुसऱ्या खेपेला रेघा काळ्याभोर होत. हे बायकोलाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, ह्यांचा घरात जीवच रमत नाही.

नव्या इनचार्ज सिस्टर मामांच्या मुलीच्या वयाच्या. रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी जिना उतरून खाली आल्या, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. “मामा, तुम्ही एवढ्या लवकर का येता हो?”

“सवय.”

“बरं. कधी सांगावंसं वाटलं तर सांगा. मी ओरडत नाही. म्हणजे ओरडते, पण डॉक्टरांवर.”

मामांना सांगायला अडीच महिने लागले. त्या दिवशी तयार ड्रम एकही उरला नव्हता; आदल्या दिवशीच्या अपघातातल्या जखमींच्या ऑपरेशनांत सगळे संपले होते. सकाळी पहिली खेप निघाली, रेघा राखाडी. अपेंडिक्सचा रोगी टेबलावर, आणि फोनवर सर्जनसाहेब गरजत होते, “झोपलात का खाली?” मामांनी फोन ठेवला, पट्टी ओरबाडून काढली आणि जिना चढून सिस्टरांपुढे धरली.

‘कुणी केलं’ हे सिस्टरांनी विचारलंच नाही. “पुन्हा लावायला किती वेळ?”

“थंड होईपर्यंत धरून दोन तास.”

“लावा. फोन मी घेते.”

रोगी बरा होऊन घरी गेला. सर्जनसाहेबांचा अपमान मात्र बरा झाला नाही. त्यांनी तक्रार केली. सिस्टरांनी यंत्रात दोष असल्याचं लिहून दिलं, पण यंत्र बघायला तळघरात कोण उतरतो! कागद बघितले गेले. कागद मामांचे होते. आता सिस्टरांच्या निलंबनाचा आदेश टाइप होऊन पडला होता, मामांच्या एका ‘हो’साठी.

“साहेब, ते ‘ठीक’ खोटं आहे,” मामा म्हणाले.

जबाब लिहून घेणाऱ्या लेखनिकाचा पेन थांबला.

“कुठल्या दिवसाचं?”

“सगळ्या.”

साहेबांनी चष्मा काढला. आवाज एकदम घरगुती झाला. “अहो, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमच्या. खोट्या नोंदी म्हणजे काय, कळतंय का? पेन्शनवर येईल. घ्या, पाणी प्या. मी काही ऐकलं नाही.”

“तेच तर झालं ना साहेब, बारा वर्षं.” मामांनी ग्लासला हात लावला नाही. लेखनिकाकडे वळून म्हणाले, “लिहा हो.”

लेखनिकानं साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मामांनी सावकाश सांगितलं, लिहिणाऱ्याचा हात पोचेल इतकं सावकाश. नोटीस, शवागार, दोन खेपा, रोजचा दीड तास. मग खाली सही केली.

बाहेर बाकावर सिस्टर बसल्या होत्या. “काय काय विचारलं?”

“ते कुठे विचारतात! मीच सांगितलं.”

“सगळं?”

“सगळं.”

“मामा, अहो, कशाला...” सिस्टरांनी बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मामा शेजारी बसले. आतून कुणीतरी दार लावून घेतलं.