बाबांचं वजन, भैयाजीचा काटा

बाबांना पहिला झटका आला तेव्हा त्यांचं वजन एकशे बारा होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं बीपीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन शंभराच्या आत आणा, दुसरा झटका विचारून येणार नाही. जसा काही पहिला चिठ्ठी पाठवून आला होता.

राजुऱ्याहून धनराजमामा धावत आला. "भात बंद, भाऊजी. अंडे, मटण, तूप. कीटो म्हणते त्याले."

आमच्या नागभीडकडे भात खाल्ला नाही तर माणूस जेवलाच नाही. बाबा सहा अंडी खायचे आणि कोणी "जेवले का?" म्हटलं की खरं सांगायचे, "नाई ना." मग आईला दया यायची. ती भात वाढायची.

दवाखाना लांब, म्हणून वजन धानाचा व्यापारी भैयाजी, त्याच्या काट्यावर. तिथं मीच काम करतो. पोत्यांच्या रांगेत बाबाही उभे.

"रिंकू, बारदाना कापून सांग बे, पोत्याचं वजन धरू नोको!" मागून रांगेतला मुखरूभाऊ ओरडला.

एकशे नऊ. मामानं स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

दिवाळीत दिव्यानीताई माहेरी आली. तिचं म्हणणं, मीठ कमी, अर्धं ताट भाजी, मूठभर भात. मूठ कोणाची ते तिनं सांगितलं नाही. बाबांनी स्वतःची घेतली. एकशे सहा.

मग मोबाइलवाला उपवास. सोळा तास काही खायचं नाही. उरलेल्या आठ तासांत बाबा चोवीस तासांचं जेवायचे. एकशे चार.

तीन आहार लढले आणि तिन्ही जिंकले. असा सामना मी तरी पाहिला नाही.

त्या काट्याला एक बटण आहे. माझ्या पायाशी. धान निघायला लागलं की क्विंटलमागे तीन किलो गिळतं, दिवाळीला सहा, गर्दी वाढली की नऊ. बाबा काट्यावर चढले तेव्हा मी पाय काढला नाही. एका पोत्याचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं दाखवलं असतं, तर रांगेनं मला तिथंच मळलं असतं. घरी सांगू म्हटलं. पण घरी बाबा नवा पट्टा आणून आरशासमोर उभे होते.

"बाबा, गोळी घेतली का?"

"ते जाड्या माणसायची गोळी हाय. मी आता बारीक होऊन राह्यलो." पाकीट त्यांनी केव्हाच चुलीत टाकलं होतं.

मी तेव्हाही सांगितलं नाही.

दुसरा झटका खरंच न विचारता आला. दवाखान्यात खाटेसकट तोलणारा काटा होता. एकशे पंधरा.

"गोळ्या का बंद केल्या?" डॉक्टर ओरडला.

बाबांनी नाकावरची नळी बाजूला सारली आणि माझ्याकडे बोट केलं. दम लागत होता, पण छाती फुगली होती.

"वजन उतरलं होतं ना, साहेब. इचारा त्याले. माह्या पोरानंच मोजलं."