चुरचुरणारा ओठ

बस मुलाच्या शहरात, लेउवार्डनला, पोचायच्या आतच वीत्स्केचा खालचा ओठ चुरचुरायला लागला, डाव्या कोपऱ्यात, नेहमीच्याच जागी. पर्समधल्या आरशात पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. पण तिला आरसा कशाला हवा होता? लहानपणापासून वर्षातून दोन-चारदा हा पाहुणा न बोलावता यायचा. जागरण झालं, वारा लागला, मनाला काही लागलं, की आधी चुरचुर, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका, मग ते फुटून ओल, मग खपली. आठवड्याभरात ओठ साफ. डॉक्टर त्याला हर्पिस म्हणत आणि सांगत की एकदा अंगात शिरलेला तो विषाणू जन्मभर मज्जातंतूत झोपून राहतो. गावातली माणसं नुसतं 'ताप उतला' म्हणत आणि कामाला लागत.

या वेळी मनाला काय लागलं होतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव लीसबेत.

लीसबेत तिची विहीण, सून फ्लोरिनची आई, आमर्सफोर्टची. नात जन्मली त्या दिवसापासून ती येल्मरच्या घरी वरच्या खोलीत मुक्काम ठोकून होती. आणि येल्मर कुणाचा मुलगा? वीत्स्केचा. पण वीत्स्केला मात्र लांबच्या काकूसारखी वेळ घ्यावी लागली होती: रविवारी दुपारी, तासभर. बाळ बघायला इथे कुणीच वेळ घेतल्याशिवाय जात नाही, हे तिलाही मान्य होतं. पण सख्ख्या आजीने वेळ घ्यायची, तीही दोघी आज्यांपैकी एकीनेच? वर नावाचं दुखणं वेगळंच. पहिल्या मुलीला वीत्स्केच्या घरात बापाच्या आईचं नाव देत आले होते. या पोरीचं नाव ठेवलं लीसे. ते ऐकून वीत्स्केच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि फोनवर ती म्हणाली की नाव फार गोड आहे.

वेळ कळवताना फ्लोरिनने सगळ्या पाहुण्यांसाठी एक सूचनाही पाठवली होती. ओठावर ताप उतला असेल, किंवा उतेलसं वाटत असेल, तर कृपा करून नंतर या. वीत्स्केच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांसाठी कसली? लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. तिचा फोडांचा ओठ तर येल्मरच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आला होता.

आता परत फिरावं, तर पुढची वेळ दोन आठवड्यांनी. तोवर ती दुसरी रोज न्हाऊ घालणार, रोज झोपवणार, आणि पोरीला वाटणार की जगात आजी एकच असते. वीत्स्केने ओठावर लिपस्टिकचा जाड थर दिला आणि ती बसमधून उतरली.

बाळाच्या घरी गेलं की नुसतं आईबापांचं अभिनंदन करून भागत नाही, खोलीत असेल त्या प्रत्येकाचं करायचं, गालावर तीन-तीन मुके घेऊन. वीत्स्केने सगळ्यांच्या गालाशी गाल नेऊन ते हवेतच उरकले. लीसबेतच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"विहीणबाई हवेचंच अभिनंदन करतायत," ती हसत म्हणाली, आणि कॉफी करायला आत गेली. चमचे कुठल्या खणात असतात ते तिला विचारावं लागत नव्हतं.

कॉफी झाली, मुलगी झाली की देतात ते गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या लावलेले टोस्ट झाले. लीसबेत बाळाला मांडीवर घेऊन बोलत होती आणि मधूनमधून त्याच्या टाळूवर ओठ टेकवत होती. आपला आवाज ऐकला की ही कशी लगेच शांत होते, ते तिने तिसऱ्यांदा सांगितलं. वीत्स्के हसून मान डोलवत होती आणि आतून जळत होती. तिला हेवा वाटत होता, पाचवीतल्या मुलीला वाटावा तसा उघडा हेवा. त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

शेवटी एकदाचं बाळ तिच्या हातात आलं. दुधाचा आंबूस वास, मुठीत मावेल एवढं डोकं. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी म्हणतात, ते काय ते तिला त्या क्षणी कळलं.

"घ्या की पापा," लीसबेत म्हणाली. "मी तर दिवसभर घेते."

वीत्स्के वाकली. ओठ आता नुसता चुरचुरत नव्हता, पेटला होता. पण वर काही दिसत नाही ना? कोणाला कळणार आहे? डोक्यावरच घ्यायचा आहे, एकदाच. फोड यायच्या आधी चुरचुरतानाही तो पसरतो, हे तिला माहीत होतं. मुक्यातून पसरतो, ओल्या बोटांतून पसरतो. तेवढ्यात बाळाने मूठ उघडली आणि ती इवलीशी बोटं वर, थेट तिच्या तोंडाकडे आली. वीत्स्केने मान झटक्याने मागे घेतली.

"विहीणबाई, हिला घ्या," ती म्हणाली. "माझा ओठ चुरचुरतोय."

लीसबेतने बाळ उचललं. फ्लोरिन पांढरी पडली होती.

"कधीपासून?"

"बसमध्ये होते तेव्हापासून."

"आणि तरी आलात."

"आले. तुझी आई रोज असते इथे. मला एक तास मिळाला होता."

फ्लोरिनने बाळाची बोटं नीट बघितली, डोकं बघितलं, पुन्हा पुन्हा विचारून घेतलं की ओठ कुठे लागला नाही ना. मग ती रडवेल्या आवाजात बोलली. तिला स्वतःला हा ताप कधी उतलाच नव्हता, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून मिळतं ते संरक्षणही मिळालेलं नव्हतं. मोठ्यांचं जे ओठावरच निभावतं ते इतक्या लहान बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतं, जीवही घेऊ शकतं, असं सुईणीने बजावलं होतं.

वीत्स्के खाली मान घालून ऐकत होती. पण जळफळाट एवढ्यात कुठला विझायला?

"म्हणजे तो नियम माझ्यासाठीच होता," ती म्हणाली. "सरळ बोलायचं की."

"नाही आई," येल्मर म्हणाला. "आधी माझ्यासाठी होता, मग पाहुण्यांना कळवला."

इतका वेळ तो खिडकीपाशीच उभा होता. जवळ येऊन त्याने बोटाने मिशी बाजूला केली. खाली तपकिरी खपली होती.

"ही जन्मली त्याच दिवशी उतला. मास्क लावून लंगोट बदलतो मी तिचे. पापा अजून एकदाही घेतलेला नाही."

हा त्याला कुठून लागला, हे विचारायची वीत्स्केला गरज पडली नाही. सायकलवरून पडून रडत आलेल्या पोराचे मुके तिने ओठाकडे न बघता घेतले होते, उतलेल्या आणि न उतलेल्या ओठाने. तेव्हा कोण बघत होतं? लीसबेतकडे बघायचंही आता तिला सुचलं नाही. ती उठली, सवयीने त्याच्या कपाळाकडे वाकली आणि मध्येच थांबली.

"घे गं," येल्मर म्हणाला. "मला आता नवीन काय व्हायचंय."