उलटी फिरवलेली रीळ

युद्धाच्या टंचाईत फिरत्या सिनेमाचा तंबू गुंडाळला गेला आणि शब्बीर बेकार झाला. मशीन चालवण्याखेरीज दुसरा हुन्नर त्याच्याकडं नव्हता. त्यामुळं शेतीखात्याच्या अंमलदारानं ‘शेतीचा सिनेमा गावोगाव दाखव’ म्हटल्यावर त्यानं लगेच होकार दिला. बैलगाडीत मशीन, पडदा आणि कारबाईटचा दिवा टाकून निघाला.

पस्तावायला त्याला एकच गाव पुरलं. ना नटी, ना तलवारबाजी. उताराच्या रानात पाऊस पडतो, माती ओढ्यात वाहून जाते, मग माणसं बांध घालतात, त्यावर तूर लावतात आणि शेवटी जेवायला बसतात. त्यात मूकपट, अक्षरं सरकारी उर्दूतली. लोक निम्म्यातूनच उठायचे.

ईट गावात चावडीपुढं बक्कळ गर्दी जमली. पडद्यावर माती वाहायला लागली तशी मागची माणसं धोतरं झटकत उठली. हाही खेळ मोडणार हे शब्बीरला दिसलं. काय सुचलं कोण जाणे, त्यानं मशीनचा दांडा उलटा फिरवला.

ओढ्यातलं गढूळ पाणी चढ चढायला लागलं. गेलेली माती रानात येऊन बसली. आडवी झालेली बाभळ उभी राहिली, पावसाचे थेंब आभाळात पळाले. उठलेले लोक पुन्हा बसले आणि असे हसले की गाडीचे बैल बुजले.

पुढं बसलेली गिरिजाबाई मात्र हसली नाही. तिचं रान उताराचंच होतं आणि दरसाली खालचा खडक उघडा पडत चालला होता.

“भाऊ, माती माघारी कशी आणली?” तिनं विचारलं.

गंमत लांबवावी असं शब्बीरला वाटलं, पण तिच्या तोंडाकडं बघून जमेना.

“अक्का, म्या नुसता दांडा उलटा फिरवला. रानातली गेलेली माती अशी येत न्हाय.”

“मग ती जाऊ नये म्हणून काय केलं ते दावा.”

त्यानं बांधाचा भाग लावला.

“थांबवा तिथंच.”

“थांबवली तर दिव्यानं रीळ जळंल, अक्का.”

मग तो दांडा पुढं-मागं करत राहिला. बांध उभा राहायचा, मोडायचा, पुन्हा उभा राहायचा. गिरिजाबाई तळाची रुंदी डोळ्यांनी मापत होती. तिचा नवरा कल्याणप्पा आधी संकोचला, मग तोही दगड कसे रचलेत ते वाकून बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानात बांधाला हात लागला. शब्बीरनंही पाट्या उचलल्या. मशीन परवडलं असं त्याला दुपारपर्यंत चांगलंच कळलं.

पावसाळा सरल्यावर तो मुद्दाम ईटला आला. बांधामागं काळी माती साठली होती, वर तूर डोलत होती. एक कोपरा मात्र फुटला होता.

“जादा पाण्याला वाट ठेवायची राहिली,” गिरिजाबाई म्हणाली. “तुमच्या सिनेमात ते नव्हतं.”

“नव्हतं खरं,” शब्बीर म्हणाला आणि तिनं वाढलेली अंबाडीची भाजी-भाकर पोटभर जेवला.

पुढं येरमाळा गावच्या खेळात बांध दिसताच त्यानं तो फुटलेला कोपरा लोकांना रंगवून सांगितला. कुणी उठलं नाही. उलट गिरिजाबाईचं रान बघायला जाऊ म्हणून दोन गाड्या जुंपल्या गेल्या. पुढच्या गाडीत शब्बीर होता. बांधावर एवढी माणसं उतरलेली बघून गिरिजाबाईनं कल्याणप्पाला त्यांच्यासोबत कोपऱ्याकडं धाडलं आणि स्वतः सगळ्यांच्या भाजीचं मोठं पातेलं रानातल्या चुलीवर चढवलं.