अक्काताईंची पायरी

ग्रीस जास्त झालं म्हणून कधी काही बिघडत नाही, असं मी उद्यमनगरातल्या माझ्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. गिऱ्हाईक कुरकुरलं तर वर त्यालाच झापायचो. माझा स्वभावच तसला. चूक माझी असली की आवाज अजून चढतो.

२००४ साली शाहूपुरीतल्या वीरभद्र अप्पांनी माझ्याकडून एक घरगाडी करून घेतली. अप्पा गुळाचे व्यापारी. त्यांच्या पत्नी अक्काताई कंबरेच्या दुखण्यानं खंगत चालल्या होत्या आणि पाडव्याच्या आत त्यांना श्रीशैलला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला जायचं होतं. रेल्वे, एसटी झेपणार नव्हती. अप्पांनी जुनी मिनीबस घेतली आणि मी तिच्यात पलंग, मोरी, स्टोव्हचा ओटा असं सगळं बसवलं.

दाराखालची पायरी मात्र माझ्या डोक्यातली. दार उघडलं की ती दोन पट्ट्यांवरून आपोआप बाहेर सरकायची, लावलं की आत जायची. खाली ट्रकच्या वायपरची मोटर जोडली होती. गल्लीतली माणसं नुसती ती पायरी बघायला यायची आणि मी उगाच पाच-सहा वेळा दार उघडून दाखवायचो.

अक्काताईंचा हट्ट एकच होता, गाडीत आपल्या पायानं चढायचं. अप्पांनी खुर्चीसकट उचलतो म्हटलं तर त्या चिडल्या. "उचलून न्यायचं ते एकदाच. तवा न्यालच की," म्हणाल्या. रोज भिंत धरून दहा पावलं टाकायच्या, पायरीसाठी म्हणून.

गाडी दारात उभी राहिल्यापासून त्यांनी आणखी एक सुरू केलं होतं. सकाळी खुर्ची ओढून बसायच्या, पायरी ओल्या फडक्यानं पुसायच्या, तिच्यावर रांगोळी काढायच्या, हळदकुंकू वाहायच्या. घर म्हटलं की उंबरा आलाच, आणि उंबरा उघडा ठेवायचा नसतो. मग दार लागायचं आणि पायरी रांगोळीसकट आत जायची.

मी हे बघितलं होतं. हसलोसुद्धा होतो. पायरी कुरकुरायला लागली तेव्हा अप्पांनी बोलावलं, तर मी दोन्ही पट्ट्यांवर ओंजळभर ग्रीस थापलं आणि म्हणालो, "आता बघायचं काम न्हाय, अप्पा."

निघायचं ठरलं सोमवारी, महादेवाचा वार म्हणून. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, नेणार असाल तर याच आठवड्यात न्या, पुढं पाय उचलणार नाहीत. सकाळी सातला अक्काताई इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून खुर्चीत बसल्या. अप्पांनी दार उघडलं. पायरी वीतभर बाहेर आली, करकरली आणि अडकली.

मला निरोप आला तसा धावलो. खाली आडवा होऊन बघतो तर पट्ट्यांत पांढरट, घट्ट चिखल. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती ग्रीसमध्ये कालवली गेली होती आणि तिनं मोटरीतल्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते पार खाऊन टाकले होते. पायरी सोडवून बाजूला काढली, स्टूल लावून बघितलं. पहिल्याच पावलाला स्टूल कलंडलं. अक्काताईंनी दाराची दांडी धरली ती सोडेनात. "स्टूल नको," एवढंच म्हणाल्या.

सोमवार म्हणजे उद्यमनगराची सुट्टी. दुकानं बंद, शेडमध्ये लाइट नाही. दोन ओळखीच्या दुकानदारांच्या घरी गेलो. एक गावाला गेलेला, दुसऱ्याकडं तसली मोटर नव्हती. शेवटी माझ्या शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या ट्रकची मोटर उपसली, मालकाला न विचारता. तिची भोकं जुळेनात. ड्रिल चालणार नव्हतं म्हणून कानशीनं घासत बसलो. बोटं सोलली. दर घासण्याला वाटायचं, तिकडं बाई खुर्चीत बसलीय, एकेक तास तिच्या पायातनं निघून चाललाय.

एक वाजता परत आलो. अक्काताई तिथंच होत्या. अप्पा म्हणाले, "आडवं पड म्हटलं तर ऐकंना. पडले तर उठायची न्हाय म्हनतीया."

मी पट्ट्या रॉकेलनं धूत होतो. घाम डोळ्यांत जात होता, त्यात भीती, आणि भीती वाटली की मी ओरडतो. "रांगोळी कुनी घातली हितं? दगडाची पूड हाय ही! मशीन हाय का देव्हारा?"

मागनं अक्काताईंचा बारीक आवाज आला, "सयाजी, माज्या रांगोळीनं मोडली व्हय रं?"

नुसती रांगोळी असती तर झटकली असती की पडली असती. ग्रीसनं ती धरून ठेवली, आणि ग्रीस मी थापलं होतं. हे मला त्या क्षणी स्वच्छ ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणालो.

त्या आपल्या हातांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इरली बिडो." राहू दे रे, असं कानडीत.

अडीच वाजता दार उघडलं आणि पायरी सुरेख बाहेर आली, आवाजसुद्धा नाही. अक्काताई उठल्या. उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा जमिनीवरून सुटेना. पुन्हा उठल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला उजवाही वर गेला नाही. अप्पा उचलायला वाकले तर त्यांनी मान हलवली. कुणावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. अकराव्या दिवशी गेल्या. लिंगायतांत मयताला बसवून नेतात. अक्काताईंना फुलांच्या विमानात बसवलं, आणि चौघांनी उचललं. गाडीच्या शेजारूनच नेलं. मी खांदा द्यायला पुढं झालो नाही. धीर झाला नाही.

महिन्यानं अप्पांचा निरोप आला. गाडी विकणार असतील असं वाटलं. गेलो तर ते एकटेच निघाले होते, श्रीशैलला. पिशवीत अक्काताईंचं हिरवं लुगडं होतं. दार उघडलं, पायरी बाहेर आली. अप्पा गुडघ्यावर बसले आणि खिशातून रांगोळीची पुडी काढली. चिमूट धरता येत नव्हती, रेघ वाकडी जात होती. मधेच थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"थोडीच घालतो. मोडंल का रं?"

"मोडत न्हाय, अप्पा," मी म्हणालो. आवाज चढला नाही. "रांगोळीनं कधीच मोडली न्हवती. ग्रीस माझं होतं."

अप्पांचा हात पायरीवरच थांबला. चिमटीतली रांगोळी तशीच गळत होती.

"मग तिला का न्हाय सांगितलंस?"